निवाप आणि उतेरा : हरणासाठी पेरलेल्या शेताचा इतिहास

१. विषयप्रवेश

छत्तीसगढच्या मैदानात धानाची कापणी साधारणपणे कार्तिक-मार्गशीर्षात होते. कापणी झाली तरी शेत मात्र रिकामे होत नाही. भात उभे असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, बांधीतील ओल धरून लाख, जवस किंवा मसूर यांचे बी फेकून पेरण्याची रीत येथे फार जुनी आहे. या रीतीला उतेरा म्हणतात. लाखेला रायपूरकडे तिवरा किंवा लाखडी म्हणतात. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, तिलाच लाखोळी हे नाव आहे. या पिकासाठी वेगळी नांगरट करावी लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही. धान कापून नेले की त्याच्या खुंटांमध्ये हे कोवळे पीक उभे राहते आणि फाल्गुनापर्यंत हिरवे असते. नेमक्या याच काळात जवळच्या जंगलातील गवत वाळून निबर होते. चितळाला आणि सांबराला दवात भिजलेला हा हिरवा पट्टा दुरून कळतो. संध्याकाळी रानाच्या कडेला थबकलेला कळप रात्री बांधीत उतरतो आणि पहाटेपूर्वी परततो.

ज्या शेतात हरीण हमखास येते तेथे शिकारीही येतो. हंगामाच्या अखेरीस हिरवे राहणारे पीक, त्याच्या ओढीने येणारे हरीण आणि त्या हरणाची वाट पाहत बसलेला माणूस हे त्रिकूट जगात अनेक ठिकाणी आढळते. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी ओट, गहू, शलगम, क्लोव्हर अशी पिके लहान लहान तुकड्यांत मुद्दाम पेरली जातात. हिवाळ्याच्या तोंडी रानातला चारा संपतो तेव्हा त्या तुकड्यांचे मोल वाढते. जर्मन भाषेत अशा पेरलेल्या तुकड्याला ‘विल्डआकर’, म्हणजे रानजनावरांचे शेत, असा स्वतंत्र शब्द आहे. या ठिकाणी पेरणारा आणि शिकार करणारा बहुधा एकच असतो, निदान दोघांचे हित एक असते. छत्तीसगढात तसे नाही. येथे पेरणारा स्वतःच्या पोटासाठी पेरतो आणि त्याने पेरलेले शेत दुसऱ्याच्या शिकारीचे आमिष होते. हा फरक वरवर पाहता शेतीच्या पद्धतीतला वाटला तरी त्याचे पडसाद वाङ्मयात आणि कायद्यातही उमटलेले आहेत. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. निवाप : एका शब्दाचे दोन अर्थ

हरणासाठी पेरलेल्या शेताला पाली भाषेत एक नेमका शब्द आहे : निवाप. ‘वप्’ म्हणजे पेरणे, विखुरणे. ‘नि’ म्हणजे खाली. जे खाली विखुरले ते निवाप. संस्कृतात हाच शब्द पितरांना दिलेल्या तर्पणासाठी, पिंडोदकासाठी वापरला जातो. एका भाषेत मेलेल्यांच्या तृप्तीसाठी जे अर्पिले जाते ते निवाप. दुसऱ्या भाषेत जिवंत प्राण्याला मारण्यासाठी जे पेरले जाते तेही निवाप. दोन्हींत अन्न देण्याची क्रिया एकच आहे. देणाऱ्याच्या मनात काय आहे, यावरून अर्थ पालटतो.

मज्झिमनिकायातील पंचविसावे सुत्त ‘निवापसुत्त’ म्हणून प्रसिद्ध आहे. श्रावस्तीच्या जेतवनात भिक्खूंना सांगितलेला हा दृष्टान्त आरंभालाच पेरणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवतो. हरणांनी हे खावे, त्यांना दीर्घायुष्य लाभावे, ती सुंदर दिसावीत, अशा इच्छेने निवापिक निवाप पेरीत नाही. हरणांनी आत शिरून बेसावधपणे खावे, खाऊन त्यांना मद चढावा, मदाने ती प्रमत्त व्हावीत आणि मग आपल्या मर्जीत यावीत, एवढ्यासाठी तो पेरतो. त्यानंतर चार कळपांची कथा येते. पहिला कळप धावत येऊन खातो आणि सापडतो. दुसरा कळप पहिल्याची गत पाहून निवापाकडे पाठ फिरवतो आणि रानात खोल जातो. पण उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात गवत-पाणी संपते, शरीर सुकते, बळ सरते आणि तो कळप पुन्हा त्याच निवापाकडे येतो. तिसरा कळप जवळच आसरा करून सावधपणे खातो. निवापिक भोवती जाळी लावून त्याचे आश्रयस्थान शोधून काढतो. चौथा कळप जेथे निवापिकाची आणि त्याच्या माणसांची गतीच नाही अशा जागी राहतो आणि तेथून येऊन प्रमाद न करता खातो. तो सापडत नाही.

सुत्ताचा आध्यात्मिक अर्थ स्पष्ट आहे. निवाप म्हणजे पाच कामगुण, निवापिक म्हणजे मार, हरणे म्हणजे श्रमण-ब्राह्मण आणि मार पोहोचू शकत नाही ती जागा म्हणजे ध्यान. परंतु रूपकाचा आधार असलेला व्यवहार इतका अचूक आहे की तो निव्वळ कल्पनेतून आला असेल असे वाटत नाही. दुसऱ्या कळपाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पेरलेल्या चाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या चवीत नसते. रान रिकामे होण्याच्या वेळेत असते. पावसाळ्यात जो तुकडा हरीण हुंगूनही पाहत नाही, तोच गवत वाळल्यावर त्याला खेचून आणतो. हंगामाच्या अखेरीस हिरवे राहणारे पीक निवडणाऱ्या आजच्या अमेरिकन शिकाऱ्यालाही हेच ठाऊक असते, आणि उतेऱ्याची लाख राखणाऱ्या रायपूरच्या शेतकऱ्यालाही.

३. जातकातील तीन शेते

निवापाची कल्पना जातकांत कथारूपाने विस्तारते. जातकट्ठकथेतील पहिल्या काही कथांत हरणाच्या तीन गोष्टी जवळजवळ लागोपाठ येतात. त्या एकत्र वाचल्या तर पेरलेल्या शेताची तीन रूपे समोर येतात.

‘लक्खणजातक’ (क्र. ११) मगधातील पिकांच्या हंगामाचे आहे. शेते भरतात तेव्हा आसपासच्या रानातील हरणांवर संकट येते. पीक राखणारी माणसे खड्डे खणतात, शूळ रोवतात, फास लावतात. बोधिसत्त्व आपल्या दोन मुलांना कळप घेऊन डोंगरात जायला आणि पिके निघाल्यावर परतायला सांगतो. काळ नावाचा मुलगा वेळ-अवेळ न पाहता गावांवरून कळप नेतो व जवळजवळ सगळा गमावतो. लक्खण अर्ध्या रात्रीच चालतो व कळप सुखरूप परत आणतो. येथे शेत हे आमिष म्हणून पेरलेले नाही. शेतकरी आपले पीक वाचवतो आहे आणि तरीही ते शेत हरणांच्या दृष्टीने सापळाच आहे.

‘निग्रोधमिगजातक’ (क्र. १२) मात्र निवापाचेच आहे. वाराणसीचा राजा रोज शिकारीला निघतो आणि हाकेसाठी गावोगावच्या लोकांना कामधंदा सोडून रानात जावे लागते. लोक कंटाळतात. राजाच्या उद्यानात हरणांसाठी निवाप पेरावा, पाण्याची सोय करावी, कळप आत हाकून दार लावावे आणि राजाच्या हवाली करावे, म्हणजे आपले दिवस आपल्याला मिळतील, असे ते ठरवतात. जातक वाचताना आपले लक्ष पुढच्या प्रसंगाकडे जाते : पाळी आलेली गाभण हरिणी, तिच्याऐवजी ठोकळ्यावर मान ठेवणारा निग्रोध आणि त्यामुळे विरघळलेला राजा. हा प्रसंग कथेचा गाभा आहे यात शंका नाही. परंतु कथेची गती सुरू होते ती वेठीने कंटाळलेल्या रयतेपासून. निवाप पेरणारे हात शिकारी नाहीत, शेतकऱ्यांचे आहेत; आणि ते पेरतात ते हरणाच्या मांसासाठी नव्हे, स्वतःच्या शेतीच्या दिवसांसाठी.

‘वातमिगजातक’ (क्र. १४) मध्ये संजय नावाचा उद्यानपाल गवताला मध लावून एका बुजऱ्या हरणाला पावलापावलाने राजवाड्यात आणतो. येथे शेत नाहीसे झाले आहे आणि केवळ चव उरली आहे. पीक, राखीव उद्यान आणि मध लावलेले गवत, असा हा क्रम पाहिला की आमिष शेतीपासून कसे सुटत जाते ते दिसते.

या वाङ्मयाचा मराठीशी संबंध दूरचा नाही. धर्मानंद कोसंबी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून पाली ग्रंथ मराठी वाचकाच्या आवाक्यात आणले. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी हे पालीचे प्राध्यापक होते आणि जातकांतील निवडक गोष्टी त्यांनी मराठीत दिल्या. रायपूरच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. महानदीच्या काठी, रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेले सिरपूर हे दक्षिण कोसलातील बौद्ध विहारांचे मोठे केंद्र होते. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील तेथील विहार १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने उत्खनन करून उजेडात आणले. आज त्याच सिरपूरच्या पलीकडे बारनवापारा अभयारण्याचे रान सुरू होते. विहाराचे अवशेष, धानाच्या बांध्या आणि चितळांचे जंगल हे तिन्ही तेथे एका दिवसाच्या वाटेवर आहेत.

४. गाणे आणि चारा : हरणाचा दोष कोणता?

भारतीय परंपरेत हरणाच्या मृत्यूचे दुसरे, अधिक लोकप्रिय कारण सांगितले जाते : गाणे. पाच इंद्रियांमुळे नाश पावणाऱ्या पाच प्राण्यांच्या प्रसिद्ध मालिकेत हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, भुंगा गंधाने, मासा रसाने आणि हरीण नादाने मरते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हरीण येते ते पारध्याच्या गाण्याला भुललेले म्हणून. एकनाथांनी वाराणसीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे हा दृष्टान्त मराठी मनात पक्का रुजला. मराठी कीर्तनात आणि बोधपर वाङ्मयात हरीण म्हटले की नादलुब्धता हीच सूचित होते. अन्नाचा मोह या मालिकेत माशाच्या वाट्याला गेलेला आहे. गळाला लावलेल्या आमिषाचे चित्र त्याच्यासाठी राखून ठेवलेले आहे.

निवापसुत्त हरणाला वेगळा दोष देते. तेथे हरीण भुकेने येते. या दोन रूपकांतील अंतर केवळ इंद्रियाचे नाही. गाण्याने भुललेल्या हरणाच्या चित्रात दोनच पात्रे आहेत : पारधी आणि हरीण. चाऱ्याने आलेल्या हरणाच्या चित्रात तिसरे पात्र आपोआप येते, कारण चारा कोणीतरी पेरावा लागतो. त्याबरोबर ऋतू येतो, जमीन येते, रानाची कड येते. नादाचे रूपक हरणाला शेतापासून तोडून एका सौंदर्यलोभी जिवात रूपांतरित करते. निवापाचे रूपक त्याला शेताच्या बांधावर उभे करते. मराठी परंपरेने पहिले रूपक उचलले आणि दुसरे जवळजवळ विसरले. याचा परिणाम असा झाला की ज्या समाजात निम्मी रात्र पीक राखण्यात जाई, त्याच्या बोधवाङ्मयातील हरीण पीक खाताना क्वचितच दिसते.

राजवाङ्मयातही शेतकरी चौकटीबाहेरच राहतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी मृगवन सांगितले आहे : एकच द्वार, भोवती खंदक, गोड फळांची झाडे, काटेरी झाडे वर्ज्य आणि माणसाळलेली जनावरे. येथे खाद्याची लागवड आहे, पण ती राज्याच्या खर्चाने व राज्याच्या जमिनीवर. पुढे व्यसनांच्या चर्चेत मृगया आणि द्यूत यांची तुलना करताना कौटिल्य मृगयेच्या बाजूने व्यायाम, चरबी घटणे आणि स्थिर व चल लक्ष्याचा सराव असे गुण मांडतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती राजापुढे मृगयेची जी स्तुती करतो तीही याच वळणाची आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मृगया राजाच्या विनोदांमध्ये येते. या साऱ्या ग्रंथांत मृगया हा राजाच्या शरीराशी आणि मनाशी संबंधित विषय आहे. हाकारे कोठून आले, त्या दिवशी त्यांच्या शेतात काय झाले, हा प्रश्न विचारला तो निग्रोधमिगजातकाने.

शब्दांचा इतिहासही याला साक्ष देतो. ‘मृगया’ या शब्दामागे शोधण्याचा, मागावर जाण्याचा धातू आहे. मराठीतील ‘पारध’ हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’पासून आला, त्यात पापाची वृद्धी हा नैतिक निवाडा दडलेला आहे. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द दरबारी आहे. राजाची ती मृगया, सरदाराची आणि साहेबाची ती शिकार आणि रानात फास लावणाऱ्याची ती पारध, असा भेद मराठीने नकळत पाळला आहे. पीक राखणाऱ्याने केलेल्या मारणीसाठी मात्र स्वतंत्र शब्द नाही. वऱ्हाड-नागपुराकडे त्याच्या रात्रीच्या कामाला ‘जागल’ म्हणतात. त्या शब्दात केवळ जागरण आहे.

५. मध्यप्रांतातील शेत आणि बंदूक

छत्तीसगढ आणि मराठी राज्यसत्ता यांचा संबंध १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याच्या स्वारीने सुरू झाला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या देखरेखीत मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. याच प्रांताने इंग्रजी शिकारवाङ्मयाला त्याचे काही प्रमुख ग्रंथ दिले. जेम्स फोर्साइथ यांचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये, स्टर्नडेल यांचे ‘सिवनी’ १८७७ मध्ये आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील बारशिंग्याच्या उपजातीला पुढे ब्रँडर यांचेच नाव मिळाले.

या परंपरेचा नीतिनियम असा होता की पायी माग काढून, जनावराला निसटण्याची संधी देऊन केलेली शिकार ती खरी. पाणवठ्यावर, चाटणीवर किंवा शेताच्या कडेला दबा धरून मारणे हे कमी प्रतीचे. गावच्या बंदूकवाल्याकडे पाहण्याची साहेबाची दृष्टी या नियमावर आधारलेली होती. नियमात तथ्य होते, कारण उन्हाळ्यात एका पाणवठ्यावर बसणारा माणूस सगळा कळप संपवू शकतो. पण ज्याचे पीक रात्रीत खाल्ले जाते, त्याच्यापुढे ‘संधी देण्याचा’ प्रश्न वेगळ्याच रूपात येतो, हे या नियमाला दिसत नव्हते. साहेबाला हरीण हे लक्ष्य होते. शेतकऱ्याला ते लाखेच्या बांधीतले नुकसान होते.

कायद्याने ही दोन्ही रूपे मान्य केली आणि त्यांच्यातील रेषा मात्र पुसट ठेवली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने संरक्षित प्राण्यांच्या हत्येवर बंधने घातली, तरी मालमत्तेच्या प्रामाणिक संरक्षणासाठी केलेली हत्या त्यातून वगळली. येथे ‘प्रामाणिक’ हा शब्द निर्णायक आहे. पीक वाचवण्यासाठी बसलेला आणि पिकावर येणाऱ्या हरणासाठी बसलेला, हे दोघे रात्री एकाच माळ्यावर, एकाच बंदुकीसह, एकाच दिशेला तोंड करून बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत आणि स्वातंत्र्यानंतर पीकसंरक्षणाच्या बंदुकांचे परवाने सढळपणे दिले गेले. ई. पी. गी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बंदुकांकडे वन्यजीवांच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण म्हणून बोट दाखवले. पिकाच्या नावाने मिळालेली बंदूक पीक नसतानाही भरलेली राही. निवापसुत्ताच्या पहिल्याच वाक्यातील प्रश्न, पेरणाऱ्याच्या मनात काय होते, हा असा प्रशासनाच्या दारात येऊन उभा राहिला.

याच काळात संस्थानिक शिकार आपल्या टोकाला पोहोचली होती. छत्तीसगढातील संस्थानिकांची व जमीनदारांची मुले ज्या राजकुमार महाविद्यालयात शिकत, ते १८९४ मध्ये जबलपूरहून रायपूरला आले होते. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. भारतातील शेवटचे चित्ते म्हणून त्यांची नोंद वारंवार केली जाते. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच रात्री त्याच प्रदेशात धानाच्या बांध्या राखणाऱ्यांच्या जागलीवर कोणी लिहिले नाही.

६. बागेतील शिकार : एक तौलनिक संकल्पना

मानवशास्त्रात या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले गेले. ओल्गा लिनारेस यांनी १९७६ मध्ये पनामातील पुरातत्त्वीय पुराव्याच्या आधारे ‘बागेतील शिकार’ ही संकल्पना मांडली. उष्ण कटिबंधातील शेतकरी शिकारीसाठी दूर रानात जात नव्हते. त्यांची शेते व मळेच जनावरांना ओढून आणीत आणि तेथेच त्यांची शिकार होई. म्हणजे जनावराने खाल्लेले पीक हे निव्वळ नुकसान नव्हते. मांसाच्या रूपाने त्याची काही भरपाई होई. ही मांडणी मध्य भारताला लावून पाहता येते. बैगांच्या बेवर शेतीवर वनखात्याने निर्बंध आणले तेव्हा आणि राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा, हा जुना हिशोब एका बाजूने मोडला. हरीण शेतात येतच राहिले. शेतकऱ्याचा त्याच्यावरचा हक्क तेवढा गेला. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजांच्या अरण्यकायद्याखाली असेच घडले होते : राजाचे हरीण रयतेच्या पिकात शिरे आणि त्याला इजा करणे हा अपराध ठरे. १२१७ च्या अरण्यसनदेने ही कठोरता काहीशी सौम्य केली.

‘बागेतील शिकार’ ही संकल्पना उपयुक्त असली तरी तिला मर्यादा आहे. ती पीक, हरीण आणि मांस यांचे एक संतुलित चक्र गृहीत धरते. लक्खणजातकातील मगधाचा शेतकरी किंवा उतेऱ्यावर वर्षाची डाळ अवलंबून असलेला रायपूरचा अल्पभूधारक यांच्या दृष्टीने ते चक्र कधीच पूर्ण संतुलित नव्हते. एका कळपाने एका रात्रीत खाल्लेली लाख एका चितळाच्या मांसाने भरून येत नाही, आणि ते मांसही पुष्कळदा गावातील बंदूक बाळगणाऱ्याच्या घरी जाते.

७. आजचा कायदा, आजचे शेत

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आरंभी परवान्याने शिकारीला वाव ठेवला होता. मात्र चाटणीवर, पाणवठ्यावर व तेथे जाणाऱ्या वाटेवर शिकार करण्यास मनाई केली होती. जुन्या शिकारनीतीचे ते कायदेशीर रूप होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे आणि हाकणे हे होतेच; पुढे २००२ च्या दुरुस्तीनंतर आमिष दाखवणे हेही आले. भारतीय कायद्यात आमिष दाखवणे ही आता शिकारीची पूर्वतयारी उरलेली नाही, तीच शिकार आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत धान्याचा ढीग टाकून हरीण मारणे गुन्हा, परंतु त्याच हेतूने शेत पेरणे हा शेतीचा भाग, असा भेद केला जातो. आपल्या कायद्याच्या चौकटीत हेतू तोच असेल तर त्या भेदाला जागा राहत नाही. दुसरीकडे, उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांच्या बाबतीत मुख्य वन्यजीव रक्षकाला परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने ठेवला आहे आणि पीकनुकसानीची भरपाई देण्याची व्यवस्थाही आहे.

कायद्याचा तर्क असा स्वच्छ असला तरी शेताच्या कडेला परिस्थिती गुंतागुंतीची आहे. छत्तीसगढात आणि विदर्भात विजेच्या वाहिनीवरून आकडा टाकून शेताभोवती किंवा रानवाटेवर उघडी तार पसरण्याचे प्रकार वारंवार उघडकीस येतात. ती तार कधी पिकासाठी असते, कधी मांसासाठी. तिच्यावर चितळ मरते, रानडुक्कर मरते, वाघ आणि हत्तीही मरतात आणि कधी अंधारात बांधावरून चालणारा माणूस मरतो. माळ्यावर बसलेल्या माणसाला समोर काय आहे ते निदान दिसत तरी होते. तारेला काहीच दिसत नाही. तिला पेरणाऱ्याचा हेतू विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण ती हेतूविना मारते.

याच प्रदेशात हरणासाठी मुद्दाम हिरवळ राखण्याचे काम आजही चालते, पण त्याचा अर्थ उलटला आहे. कान्हात १९७० च्या सुमारास मध्य भारतीय बारशिंग्यांची संख्या ६६ वर आली होती. त्यानंतर तेथील गावे हलवण्यात आली, आणि त्यांची जुनी शेते कुरणे होऊन बारशिंग्यांच्या पुनरुज्जीवनाला आधार झाली. १९७६ मध्ये घोषित झालेल्या, बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून नाव पडलेल्या बारनवापारा अभयारण्यात अलीकडच्या वर्षांत काळवीट पुन्हा आणून सोडले गेले व त्यांच्यासाठी गवताची मैदाने तयार केली गेली. हरणांनी खावे, दीर्घायुषी व्हावे, सुंदर दिसावे, अशा इच्छेने केलेली ही लागवड आहे. निवापसुत्तातील निवापिकाने नाकारलेला हेतू येथे वनखात्याने स्वीकारलेला आहे. मात्र या कुरणांखाली कोणाची तरी शेते होती, ही गोष्ट त्या हेतूच्या हिशोबात धरावी लागेल.

मराठी लेखनानेही हा प्रवास केला आहे. शिकारकथांच्या लोकप्रियतेनंतर व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आले. पुढे मारुती चितमपल्ली यांचे वनखात्यातील अनुभवांवर उभे राहिलेले लेखन आले. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’कडे मराठी वाचकाचे लक्ष त्यांच्यामुळे गेले. शिकाऱ्याच्या जागी निरीक्षक आला आणि बंदुकीच्या जागी नोंदवही आली. हा बदल मोलाचा आहे. परंतु दोन्ही प्रकारच्या लेखनात लेखक रानात बाहेरून येतो आणि परत जातो. रानाच्या कडेला राहून पेरणारा, रात्री जागणारा आणि सकाळी तुडवलेली बांधी पाहणारा मनुष्य निवेदक म्हणून अजून पुरेसा आलेला नाही.

८. पानांची खूण

निग्रोधमिगजातकाचा शेवट बहुधा सांगितला जात नाही. राजाने सर्व हरणांना अभय दिल्यावर कथा संपायला हवी होती. पण अभय मिळालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागतात आणि राजाज्ञेमुळे त्यांना मारण्याची कोणाची छाती होत नाही. लोक राजवाड्यासमोर जमतात. राजा सांगतो की राज्य गेले तरी दिलेले वचन मोडणार नाही. ही हकीकत निग्रोधाच्या कानावर जाते. तो कळपाला एकत्र करून यापुढे लोकांची पिके खायची नाहीत असे सांगतो आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेला पाने बांधून खूण तेवढी करा. त्या खुणेपलीकडे हरणे जात नाहीत.

अहिंसेचा निर्णय झाला की प्रश्न सुटत नाही, त्या निर्णयाची किंमत शेतावर पडते, हे जातककाराने ओळखले होते. म्हणून त्याने राजाच्या करुणेवर कथा थांबवली नाही. ती शेताच्या बांधापर्यंत नेली. हरणाने पाळलेली पानांची खूण हे अर्थात कथेतच शक्य आहे. परंतु त्या खुणेमागची मागणी खरी आहे : ज्याने अभय दिले त्याने पेरणाऱ्याचेही ऐकावे. रायपूरच्या बांध्यांत यंदाही धान उभे असतानाच लाखेचे बी पडेल आणि पौषात रानातून कळप उतरेल. त्या बांधीला निवाप म्हणायचे की उतेरा, हे कळपाला ठरवता येत नाही. ते रानाचे नियम करणाऱ्यांवर आणि त्या रानाविषयी लिहिणाऱ्यांवर अवलंबून आहे. पेरणाऱ्याला त्या नियमांत आणि त्या लेखनात जागा नसेल, तर त्याने पोटासाठी पेरलेले शेत दुसऱ्या कोणाचे तरी आमिष होत राहील.